रकमनचा गुडघा

फिजिओथेरपिस्ट म्हणजे नक्की कोण, हे वसईत माझ्या वडलांना शेवटपर्यंत पटलं नाही. "एवढं शिकून शेवटी लोकांचे पायच चेपतोस ना?" असं ते चारचौघांत विचारायचे. इथल्या, मेलबर्नच्या मराठी मंडळातल्या लोकांना मात्र ते पटलं, जरा जास्तच पटलं. दिवाळीच्या कार्यक्रमात फराळाची बशी हातात घेऊन कुणीतरी हमखास जवळ येतो, "फ्रान्सिस, हा खांदा जरा बघतोस का?" म्हणतो आणि उत्तराची वाट न बघता शर्टाचं वरचं बटण काढतो. मी निवृत्त झालो, पण मंडळाचे खांदे काही निवृत्त झाले नाहीत.

मंडळाच्या दिवाळी अंकासाठी कामाविषयी लिही म्हटल्यावर मला वाटलं होतं, खांद्यांवरच लिहावं. हसतखेळत होऊन जाईल. पण लिहायला बसलं की मन एकाच गुडघ्यापाशी जाऊन थांबतं. तेव्हा तोच लिहून टाकतो. ज्यांना दिवाळीत गोड वाचायचं असेल त्यांनी पानं उलटावीत, पुढे कुठेतरी अनारशांची कृती असेलच.

सत्तरच्या दशकाच्या मध्याला मी आणि माझी बायको एलिझा मेलबर्नला आलो. क्लेटनमध्ये दोन खोल्यांचा फ्लॅट भाड्यानं घेतला. पुन्हा परीक्षा देऊन मी एका हॉस्पिटलात कामाला लागलो. तिथं माझ्या हाताखाली म्हाताऱ्या बायकांच्या कमरा, मोडलेली मनगटं, असलंच सगळं यायचं. एक वयस्कर सहकारी बरीच वर्षं एका युनिव्हर्सिटीच्या फुटबॉल क्लबाचं काम बघत होते. त्यांना आता शनिवार घरी काढायचा होता. जाताना त्यांनी ते काम माझ्या गळ्यात घातलं. "फुटबॉल माहीत आहे?" त्यांनी विचारलं. मी म्हटलं, "वसईत चर्चच्या मैदानावर खेळलोय की." ते फक्त हसले. का हसले ते मला पहिल्या शनिवारी कळलं.

इथला फुटबॉल म्हणजे आपल्याला माहीत असलेला नव्हे. चेंडू लंबगोल, मैदानही लंबगोल, एका बाजूला अठरा माणसं. चेंडू हातात धरून पळायचं, लाथेनं लांब उडवायचा आणि ज्याच्याकडे तो आहे त्याच्यावर बाकीच्यांनी तुटून पडायचं. खेळ सुरू करताना पंच चेंडू जोरात जमिनीवर आपटतो. तो उंच उडाला की दोन्ही बाजूंचा एकेक ताडमाड माणूस त्याच्यासाठी हवेत झेपावतो आणि आपल्या माणसांकडे तो ढकलतो. त्या माणसाला रकमन म्हणतात. सामन्यात तो असा कितीतरी वेळा उडतो, आणि प्रत्येक वेळी दुसरा एक तसलाच अंगापिंडानं भरलेला माणूस हवेत त्याला धडक देतो. रकमन चांगला नसेल तर बाकीचे सतरा जण हिऱ्यामोत्यांचे असून उपयोग नाही, त्यांच्यापर्यंत चेंडूच पोचत नाही.

आता दुसरी गोष्ट. युनिव्हर्सिटीच्या संघाचं दुखणं इतर क्लबांपेक्षा वेगळं असतं. सप्टेंबरात कप जिंकणारा संघ फेब्रुवारीत शिल्लकच नसतो. मुलं पास होतात, म्हणजे जातात. नापास होतात, तरी जातात. त्यामुळे इथल्या उन्हाळ्याच्या सुट्टीनंतर सराव सुरू झाला की आधी गेलं कोण आणि उरलं कोण हे बघायचं. क्लबच्या खोलीत भिंतीवर एक लाकडी फळा होता. त्यावर मैदानाचं चित्र रंगवलेलं आणि प्रत्येक जागी एक खिळा. प्रत्येक खेळाडूच्या नावाची पत्र्याची छोटी पाटी असायची, ती त्याच्या जागेच्या खिळ्याला अडकवायची. फेब्रुवारीत त्या फळ्याकडे बघवत नसे, मुलांचे दुधाचे दात पडतात त्या वयात तोंड दिसतं तसा तो दिसायचा.

ज्या वर्षाची गोष्ट सांगतोय, त्याच्या आधल्या सप्टेंबरात आम्ही कप जिंकला होता. तरीही फळा तसलाच. बचावाचा कणा असलेला मुलगा इंजिनिअर होऊन कालगुर्लीच्या सोन्याच्या खाणीत नोकरीला गेला. सगळ्यात जास्त गोल मारणारा डॉक्टर झाला आणि इंटर्नशिपमध्ये अडकला, त्याला शनिवारी ड्यूटी. चपळ पोरगा होता तो पाठीवर पिशवी टाकून युरोप बघायला गेला. आमचा कोच ब्रायन शाळेत गणित शिकवायचा. तो फळ्यापुढे उभा राहून, जमिनीवर सांडलेलं दूध बघावं तसा बघत राहायचा.

दुसऱ्यांच्या घरीही मातीच्याच चुली होत्या, तेवढंच समाधान. मार्चमध्ये स्थानिक वर्तमानपत्राचा बातमीदार वरच्या संघांविषयी अंदाज लिहायचा. त्याच्या मते दुसऱ्या एका युनिव्हर्सिटीकडे पुढे गोल मारायला माणूस नव्हता. एका जुन्या शाळेच्या माजी विद्यार्थ्यांचा संघ होता, त्यांच्याकडे सगळं होतं, पण निम्मे जण तिशीला टेकलेले, जुलैच्या चिखलात दमणारे. आमच्याविषयी त्यानं लिहिलं, "संघात भोकं आहेत, पण यांचा रकमन परत उभा राहिला तर हे पुन्हा जिंकतील." ब्रायननं ते वाचून दाखवलं आणि माझ्याकडे बघितलं. बाकीच्यांनीही बघितलं.

कारण रकमन माझ्याकडे होता.

त्याआधी माझं तिथलं काम काय होतं ते सांगायला हवं. घोटे बांधणं, मांड्या मळणं हे वरवरचं. खरं काम हंगामाआधी एकेकाला टेबलावर झोपवून, हा शरीरानं खेळायला लायक आहे का ते ठरवण्याचं. आणि प्रत्येक जण लबाड. जनावरांचा डॉक्टर होऊ घातलेला एक जण कंबरेला घोड्याचं औषध चोळून यायचा. त्याच्या वासानं माझेच डोळे वाहायचे आणि तो म्हणायचा (क्लबात फ्रान्सिसचा फ्रँक झाला होता), "नो वरीज फ्रँक, रेसचे घोडे यावर जिंकतात." दुसऱ्या एकाचा उजवा घोटा सुजलेला होता. मी घोटा दाखव म्हटल्यावर त्यानं डावा पुढे केला. मी म्हटलं, "आता दुसरा." तर इथल्या दोस्तीच्या भाषेत म्हणतो, "तो काय बघायचा, मेट? जोडीचाच आहे."

त्या मुलाला माहीत नव्हतं, पण आमच्या धंद्याचं सूत्रच ते आहे. दुखरा सांधा एकटा बघायचा नसतो. आधी त्याचा जोडीदार बघायचा, माणसाचा मूळ माल कसा आहे ते हाताला कळू द्यायचं, आणि मग दुखऱ्याकडे वळायचं. त्या काळी आतलं दाखवणारी आजची यंत्रं नव्हती. एक्स-रेत हाडं दिसायची, बाकीचं हातानंच बघायचं. माझे हात चांगले होते. एवढी फुशारकी मारायचा हक्क म्हातारपणी माणसाला असावा.

या क्लबात एक जुना रिवाज होता. हंगामाच्या आधीच्या शेवटच्या गुरुवारी संध्याकाळी निवड समिती बसायची, तेव्हा पहिला शब्द फिजिओचा. त्यानं एखाद्याला "नाही" म्हटलं की त्याची पाटी फळ्यावर उलटी टांगायची, नाव भिंतीकडे. त्यावर वाद घालायचा नाही, कारण विचारायचं नाही. कधीकाळी वाद घालून एका जायबंदी मुलाला खेळवलं होतं आणि तो कायमचा अधू झाला होता म्हणे, तेव्हापासून हा रिवाज. हंगामभर पाटी उलटीच राहायची. खोलीत येणाऱ्या-जाणाऱ्याला ती दिसायची आणि नाव वाचता आलं नाही तरी कुणाचं आहे ते सगळ्यांना ठाऊक असायचं.

आमचा रकमन कॉलिन. गिप्सलँडकडच्या गाईम्हशींच्या मुलखातला, खरं तर गाईंच्याच, म्हशी तिथं नाहीत. वडलांची डेअरी होती. दारातून आत येताना मान तिरकी करायची सवय लागलेला, बोलायला हळू, हसला की कानापर्यंत लाल होणारा मुलगा. अभ्यासात बेताचा. शेतकीची पदवी घ्यायची आणि घरी जाऊन गाई सांभाळायच्या, हे तो जन्मला तेव्हाच ठरलेलं होतं. वर्ष शेवटचं होतं. ब्रायन म्हणायचा, हा पोरगा उडतो तेव्हा खाली यायचं विसरतो.

आधल्या वर्षी सेमी-फायनलला तो उडाला आणि खाली येताना उजवा पाय जमिनीत रुतला, अंग मात्र वळलं. मी धावत आत गेलो तेव्हा गुडघा फुगायला लागला होता. कॉलिन म्हणाला, "आत काहीतरी 'टक्' झालं, फ्रँक." गुडघ्याच्या आत दोन आडव्या-उभ्या दोऱ्या असतात, त्यातली पुढची तुटली होती. फायनल त्यानं मैदानाबाहेर, मांडीपर्यंत प्लॅस्टर घालून बघितली. इथं पदक मिळतं ते त्या दिवशी अंगावर जर्सी घातलेल्यांनाच. वर्षभर ज्याच्या उड्यांवर संघ तिथवर पोचला तो कॉलिन सगळ्यांशी हात मिळवत कुबड्यांवर उभा होता. त्याला पदक नाही. खेळाच्या नियमाप्रमाणे यात काही चूक नव्हती.

तेव्हाच्या सर्जननं ऑपरेशन नको म्हटलं. ती ऑपरेशनं तेव्हा नवी होती, यशाची खात्री कुणी देत नव्हतं. "शेतीकाम करू शकशील, फुटबॉल विसर," असं त्यानं सांगितलं. कॉलिननं फक्त पहिली निम्मी गोष्ट ऐकली. प्लॅस्टर निघाल्यावर तो मला म्हणाला, "मांडी मजबूत केली तर?" मी व्यायाम शिकवले. व्यायाम शेतीसाठीही लागणारच होते.

उन्हाळाभर तो घरी होता. फेब्रुवारीत परत आला तेव्हा त्याची उजवी मांडी बघून ब्रायन शीळच वाजवायला लागला. रोज दूध काढून झाल्यावर हा पठ्ठ्या गोठ्यातल्या बाकावर बसायचा, वाळूनं भरलेला रंगाचा डबा पायाला अडकवून पाय सरळ करायचा, पुन्हा खाली आणायचा. बहीण चिडवायची, आई ओरडायची, पण ख्रिसमसच्या दिवशीसुद्धा त्यानं सुट्टी घेतली नव्हती. मी सांगितलं होतं त्याच्या दुप्पट केलं होतं त्यानं. माझ्या अख्ख्या नोकरीत इतका आज्ञाधारक पेशंट मला दुसरा मिळाला नाही. म्हाताऱ्या बायका तर व्यायामाच्या नावानं चहा करायला उठायच्या.

मैदानावर मी त्याला पळवलं. सरळ पळवलं, इंग्रजी आठाच्या आकड्यात पळवलं, थांबवलं, वळवलं, उड्या मारायला लावल्या. क्लबची ठरलेली परीक्षा हीच. उन्हानं जमीन दगडासारखी झालेली होती, तरी तो एकदाही कचरला नाही. कुंपणाशी उभ्या असलेल्या पोरांनी टाळ्या वाजवल्या. ब्रायननं माझ्या पाठीवर थाप मारली, "फ्रँक, यू ब्यूटी!"

मी म्हटलं, "मला त्याला अजून टेबलावर बघायचंय."

टेबलावर आधी डावा गुडघा. मांडी एका हातानं धरायची, दुसऱ्या हातानं पोटरीचं हाड हळूच पुढे ओढायचं. ते किंचित सरकतं आणि खट्कन थांबतं. गाय दाव्याला बांधलेली असली की चार पावलं जाऊन दाव्याला हिसका बसतो ना, तसं. मग उजवा. ओढला, आणि तो येतच राहिला. हिसका नाही, थांबणं नाही, दाव्याचं दुसरं टोक खुंट्याला बांधलेलंच नव्हतं. मी पुन्हा बघितलं. तिसऱ्यांदाही बघितलं, कारण माझीच इच्छा होती की माझं चुकावं. कॉलिन छताकडे बघत होता.

"कॉलिन, तो धरत नाही."

"पण मी पळालो. एकदा तरी लंगडलो?"

"नाही."

"उड्या?"

"फर्स्ट क्लास मारल्यास. पण एकट्यानं मारल्यास. मॅचमध्ये दुसरा तुला हवेत धक्का देणार. कुठल्या पायावर, कसं वाकडं उतरायचं ते मग तुझ्या हातात नाही. मांडीला तयार व्हायला क्षणभर लागतो, आणि तेवढ्यात आतलं जायचं ते जातं."

"आणि गेलं तर?"

"आतल्या गाद्या फाटतील. पस्तिशीत म्हाताऱ्याचा गुडघा घेऊन फिरशील. तुला जन्मभर चिखलात उभं राहून काम करायचंय."

"गाईंचं मी बघेन," तो म्हणाला. मग उठून बसला. टेबलावर बसूनही त्याचे पाय जमिनीला टेकत होते. "फ्रँक, माझं हे शेवटचं वर्ष आहे. यानंतर मी कुठे खेळणार? गावात टीम आहे, पण शनिवारी दुपारी दूध कोण काढणार? आयुष्यात एवढं एकच मला चांगलं येतं. आणि एकदा, एकदाच मला ते शेवटपर्यंत करायचंय. फायनल खेळायचीय. त्यानंतर तो मोडला तरी चालेल."

"तू आज म्हणतोस चालेल."

"गुडघा कुणाचा आहे, फ्रँक?"

त्या प्रश्नात उद्धटपणा अजिबात नव्हता. त्याला खरंच उत्तर हवं होतं. मी म्हटलं, "गुडघा तुझा. पण शब्द माझा. गुरुवारी मी नाही म्हणणार आहे. तुला फळ्यावरून कळू नये म्हणून आत्ता सांगतोय."

तो टेबलावरून उतरला. मग बूट घातले, दोन्ही लेस नीट बांधल्या आणि "थँक्स, मेट" म्हणून गेला. या देशात लोक कशाकशासाठी थँक्स म्हणतात!

गुरुवारी मी "कॉलिन, नाही" म्हटलं तेव्हा रिवाज मोडून ब्रायन उठला. "तुझीच बोंबलायची परीक्षा पास झालाय तो!" तो ओरडला. "सगळ्यांनी बघितलंय. आणि तुझ्या बोटांना काय वाटतं म्हणून मी त्याला बसवू? रकमन कोण मग, तू? उडतोस का?"

मी म्हटलं, "ब्रायन, परीक्षा पळण्याची होती. गुडघा तुटलेलाच आहे."

"पहिले काही सामने थोडा थोडा वेळ खेळवू. जपून."

"हवेत जपून उडता येतं का?"

समितीतल्या एका म्हाताऱ्यानं ब्रायनच्या दंडाला धरून त्याला खाली बसवलं, आणि स्वतः उठून कॉलिनची पाटी उलटी केली. खिळ्यावर पत्रा वाजला. बाकीच्या निवडीत मग कुणाचंच लक्ष नव्हतं.

रकमनच्या जागी आम्ही दोन मध्यम उंचीच्या मुलांना आळीपाळीनं उडवलं. नकटीच्या लग्नाला सतराशे विघ्नं म्हणतात, तसा तो हंगाम गेला. सगळ्यात वरच्या संघांत कसेबसे राहिलो आणि फायनलच्या एक पायरी अलीकडे हरलो. कुणी मला तोंडावर बोललं नाही. ब्रायन सुद्धा नाही, तो माणूस चांगला होता. फक्त सामना संपल्यावर मुलं बियर उघडायची तेव्हा माझ्या हातात बाटली द्यायची कुणाला आठवण राहिली नाही.

कॉलिन सुरुवातीला यायचा. मैदानात पाणी न्यायचा, मध्यंतराला संत्र्याच्या फोडी वाटायचा. ते बघणं मला जड जायचं. एकदा त्याचे वडील आले होते, मुलाएवढेच उंच, टोपी हातात धरलेले. त्यांनी माझा हात दोन्ही हातांत घेतला. "आम्हाला तो धडधाकट घरी हवा होता. गुड ऑन यू. तुझे उपकार आहेत आमच्यावर." कॉलिन शेजारीच उभा होता. तो संत्र्याच्या साली गोळा करत राहिला. हिवाळा संपायच्या आधीच त्यानं येणं बंद केलं. पदवी घेतली आणि गेला. नाताळला त्याच्या आईच्या अक्षरातलं कार्ड येत राहिलं.

मी त्या क्लबात पुढेही राहिलो. दरवर्षी फळा रिकामा व्हायचा, दरवर्षी मी कुणाला तरी नाही म्हणायचो आणि कुणाला हो. हळूहळू काळ बदलला. ऐंशीच्या दशकात नवी शिकलेली मुलं आमच्या धंद्यात आली. ती खेळाडूला समोर बसवून सगळं सांगायची, धोका समजावायची आणि विचारायची, "आता तुला काय करायचंय?" आम्हाला असं कुणी शिकवलं नव्हतं. आम्ही शिकलो ते हे की रोग्याचं हित आपण बघायचं. रोग्यानं गप्प बसायचं. नव्या मुलांचं बरोबर की आमचं, यावर चहाच्या वेळी तावातावानं वाद व्हायचे आणि मी नेहमी जुन्या बाजूनं बोलायचो. कॉलिनचं उदाहरणही द्यायचो. माझ्या लेखी तो मी वाचवलेला माणूस होता.

एका इस्टरच्या सुट्टीत मी आणि एलिझा गाडीनं त्या बाजूला निघालो होतो. कार्डावरच्या पत्त्याचं गाव रस्त्यातच होतं. एलिझा म्हणाली, "जाऊया ना. तुझा तो उंच मुलगा." कॉलिनची आई दारात भेटली, तो मागे गोठ्यापाशी आहे म्हणाली. एलिझाला तिनं चहाला ठेवून घेतलं. मी मागे गेलो.

तो गोठ्याचं अंगण पाण्याच्या जाड नळीनं धूत होता. पाठमोरा होता, तरी दोन पावलांत मला कळलं. आमच्या धंद्यात चालण्यावरून माणूस वाचता येतो. उजवा पाय तो टेकत नव्हता, टाकत होता. टाकायचा आणि पटकन डाव्यावर जायचा. तिशीचासुद्धा नव्हता.

"फ्रँक!" त्यानं नळी बंद केली. कानापर्यंत लाल होऊन हसला. मग माझी नजर कुठे आहे ते त्याच्या लक्षात आलं. "हो," तो म्हणाला. "गेला."

"कधी?"

"तिथून आलो त्यानंतर लवकरच. त्या तिथं, फाटकापाशी. पावसाळी सकाळ होती, चिखल होता. एक कालवड एकदम मागे वळली. मी बाजूला व्हायला गेलो, बूट चिखलात रुतला आणि अंग वळलं. बस. तू सांगितलं होतंस तसंच सगळं. गाद्या फाटल्या, काढून टाकल्या. आता थंडीत कधी कधी पलंगावरून उतरवत नाही."

त्यानं प्लॅस्टिकची एक बादली उलटी करून मला बसायला दिली आणि स्वतः फाटकाला टेकून उभा राहिला.

"तू बरोबर होतास, मेट," तो म्हणाला. "डॅड अजून म्हणतात, त्या इंडियन माणसानं बरोबर सांगितलं होतं. मीही म्हणतो. तो गुडघा जाणारच होता." आवाज चढलेला नव्हता, तक्रारही नव्हती. बऱ्याच दिवसांपासून मनात तयार असलेलं वाक्य त्यानं सांगून टाकलं. "पण जायचाच होता तर तिथं जाऊ द्यायचा होतास, फ्रँक. तिथं निदान लोक बघत होते. इथं गेला तेव्हा बघायला नुसत्या गाई होत्या."

मग त्यानं विचारलं, "चहा घेणार ना? आईनं स्कोन केलेत." आणि लंगडत माझ्यापुढे घराकडे चालू लागला. मी त्याच्या मागे त्याच्याच चालीनं, हळूहळू.

परत निघालो तेव्हा फाटक लावायला कॉलिन बाहेर आला होता, त्यानं हात हलवला. मोठ्या रस्त्याला लागलो. तेव्हा एलिझा म्हणाली, "त्याचा पाय बघितला मी. म्हणजे तू तेव्हा म्हणाला होतास ते खरं ठरलं की, फ्रान्सिस."

मी मान हलवली. गाडी बाजूला घेतली आणि थांबवली, कारण मला पुढचा रस्ता दिसत नव्हता. इतकं खरं ठरून इतकं हरल्यासारखं मला आयुष्यात पुन्हा कधी वाटलं नाही.